टीव्हीमागचा छोटा संगणक: सिनेमा आणि गेम स्ट्रीमिंगसाठी कमी खर्चात मशीन कसं उभारायचं

घरात फक्त नेटफ्लिक्स, प्राइम आणि जिओहॉटस्टार बघायचं असेल तर या भानगडीत पडू नका. एक चांगली स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीला लावा, विषय संपला. संगणकावर या सेवा उलट जास्त नखरे करतात. ४के चित्र देण्याआधी त्या प्रोसेसर, ब्राउझर, केबल, टीव्ही असं सगळं तपासतात, आणि मशीनवर लिनक्स असेल तर नेटफ्लिक्सचं ४के मिळतच नाही. या सेवांसाठी टीव्हीतलंच अ‍ॅप वापरावं, हे आधीच सांगून टाकतो.

टीव्हीमागे स्वतःचा संगणक ठेवायचा तो बाकीच्या कामांसाठी. हार्ड डिस्कवर साठलेले सिनेमे, ताई-दादाच्या लग्नाच्या डीव्हीडी, दहा-पंधरा वर्षांचे फोनवरचे व्हिडिओ, यूट्यूब, आणि आतल्या खोलीत गेमिंग पीसी असेल तर त्यावरचे गेम हॉलमध्ये सोफ्यावर बसून खेळणं. एवढ्यासाठी नवा कोरा, दिव्यांचा झगमगाट असलेला संगणक जुळवायची गरज नाही. माझं स्पष्ट मत आहे की या कामाला कार्यालयातून निघालेला रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) मिनी पीसी सगळ्यात योग्य. सगळं धरून वीस हजारांच्या आत बसवायचं, अशा हिशेबाने पुढचं लिहितो आहे.

मशीन निवडताना: आय ५ की आय ७ नव्हे, पिढी विचारा

दुकानात गेलात की पहिलं वाक्य ऐकू येतं, "सर, आय ७ आहे, एकदम फास्ट." आपल्या कामाला त्याचा जवळजवळ उपयोग नाही. व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरचे मुख्य कोअर करत नाहीत. चिपमधल्या ग्राफिक्सच्या भागात त्यासाठी स्वतंत्र सर्किट असतं. ते सर्किट ज्या प्रकारचा व्हिडिओ ओळखतं तो अगदी कमी विजेत, पंख्याचा आवाज न करता चालतो. जो ओळखत नाही तो मुख्य कोअरवर येऊन पडतो, आणि मग ४के सिनेमा अडखळत चालतो.

इंटेलच्या २०१५ च्या सहाव्या पिढीत एचईव्हीसी (४के व्हिडिओ दाबून साठवायचा प्रकार) आलं, पण फक्त ८ बिटचं, म्हणजे कमी रंगछटांचं. आजचे बहुतेक ४के एचडीआर व्हिडिओ १० बिटचे असतात. १० बिट एचईव्हीसी आणि यूट्यूबचं व्हीपी९ हे दोन्ही नीट हार्डवेअरवर चालू लागलं ते सातव्या पिढीपासून. आठवी, नववी आणि डेस्कटॉपची दहावी पिढी या बाबतीत सातवीसारखीच आहे. एव्ही१ हा नवा प्रकार अकराव्या पिढीपासून चालतो. म्हणजे सहाव्या पिढीच्या आय ७ पेक्षा सातव्या पिढीचा आय ३ टीव्हीमागे जास्त कामाचा.

पिढी ओळखायची खूण सोपी आहे. आय ५-८५००टी या नावात डॅशनंतरचा पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे बघायचे: १०४०० म्हणजे दहावी. शेवटचा टी म्हणजे ३५ वॉटची, कमी तापणारी चिप. मिनी पीसीत बहुधा हीच असते.

हे मशीन स्वस्तात मिळण्यामागे एक कारण आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे कंपन्यांना सहाव्या-सातव्या पिढीची चांगली चालती यंत्रं काढून टाकावी लागतात. आपण लिनक्स टाकणार असू तर सातवी पिढी पुरते. विंडोजच हवं असेल तर आठवीच्या खाली उतरू नका.

बाजारात तीन घराणी मुबलक दिसतील: डेलची ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोची थिंकसेंटर टायनी आणि एचपीची इलाइटडेस्क किंवा प्रोडेस्क मिनी. ऑप्टिप्लेक्स ३०६०, थिंकसेंटर एम७२०क्यू, इलाइटडेस्क ८०० जी४ या आठव्या पिढीच्या काळातल्या. त्यांच्या आधीच्या ३०५०, एम७१०क्यू आणि जी३ मध्ये सहावी आणि सातवी दोन्ही सापडतात, म्हणून मॉडेलच्या नावावर न जाता आतल्या चिपचा क्रमांक बघूनच पैसे द्या.

नवं आणि वॉरंटीवालंच हवं असेल तर इंटेल एन१०० चा मिनी पीसी बघा. ही २०२३ ची ६ वॉटची चिप आहे, एव्ही१ सुद्धा उलगडते. रिफर्बिश्ड मशीनच्या आणि याच्या किमतीत थोडकाच फरक असेल आणि काम फक्त सिनेमा-यूट्यूबचं असेल तर मी एन१०० घेईन. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाबद्दल बरेच जण विचारतात. पाय ५ मध्ये एच.२६४ या जुन्या, सर्रास व्हिडिओ प्रकाराचं हार्डवेअर डिकोडिंग (तो उलगडणारं सर्किट) काढून टाकलेलं आहे, आणि आपल्या घरातले बहुतेक जुने व्हिडिओ एच.२६४ चेच असतात. १०८०पी पर्यंत तो मुख्य कोअरवर निभावून नेतो, पण केस, अडॅप्टर, कार्ड असं सगळं जोडत गेलं की किमतीतला फायदाही विरतो.

रॅम ८ जीबी पुरे. शक्यतो ४ जीबीच्या दोन पट्ट्या असाव्यात. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं, आणि दोन पट्ट्यांनी त्याला रुंद वाट मिळते. सध्या सुट्या रॅमचे भाव चढलेले आहेत, त्यामुळे रॅम आणि एसएसडी बसवलेलंच मशीन घ्या. एसएसडी १२८ जीबीची असली तरी चालेल, सिनेमे तिच्यावर ठेवायचेच नाहीत.

दुकानात काय तपासायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर तुमच्या शहरातला एखादा ओळखीचा संगणक दुरुस्तीवाला. ऑनलाइनही मिळतात, पण पहिल्यांदा घेत असाल तर समोर बसून, मशीन चालू करून घेतलेलं बरं.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, शिरून बघा. मशीन सुरू होताना दाबायचं बटण: डेलला एफ२, लेनोवोला एफ१, एचपीला एफ१०. तिथे पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो माहीत नसेल तर ते मशीन तिथेच ठेवा, भाव कितीही कमी असो. कार्यालयांनी लावलेले हे पासवर्ड घरी बसून निघत नाहीत.

अडॅप्टर मूळ कंपनीचाच आहे ना, हे बघा. डेलची मशीन अडॅप्टरशी 'बोलतात'; ओळख पटली नाही तर प्रोसेसर मुद्दाम संथ चालवतात, आणि आपण बसतो विंडोजला दोष देत. मग दहा मिनिटं कुठलाही व्हिडिओ लावून पंख्याचा आवाज ऐका. नुसती धूळ असेल तर घरी साफ होते, चिपची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्टही नवी लावता येते. पण बेअरिंगची घरघर असेल तर पंखाच बदलावा लागेल, तो दुकानदाराकडूनच बदलून घ्या. वायफाय कार्ड आहे का, हेही विचारा. कार्यालयीन मशीनमध्ये ते बरेचदा नसतंच.

आणि आता सगळ्यात मोठा खड्डा. यातल्या जुन्या मशीनवरचं एचडीएमआय पोर्ट बहुतेक वेळा १.४ चं असतं. त्यातून ४के जातं, पण सेकंदाला ३० फ्रेमनेच. माउस हलवला की तो फरपटत आल्यासारखा दिसतो, आणि गेम तर विसराच. उपाय शेजारीच असतो: डिस्प्लेपोर्ट. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून ४के ६० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमने, निघतं. मात्र टीव्हीला डिस्प्लेपोर्ट नसतो, म्हणून मध्ये एचडीएमआय २.० चा 'अ‍ॅक्टिव्ह' (आत सिग्नल बदलणारी चिप असलेला) अडॅप्टर लागतो. शंभर-दीडशे रुपयांचा साधा पॅसिव्ह अडॅप्टर घेतलात तर पुन्हा ३० वरच याल. पाकिटावर ४के ६० हर्ट्झ लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका. टीव्ही फुल एचडी असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या, साधी एचडीएमआय केबल पुरते.

जोडणी आणि टीव्हीची सेटिंग

टीव्हीकडेही थोडं बघावं लागतं. बऱ्याच टीव्हींमध्ये प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी 'एन्हान्स्ड' किंवा 'यूएचडी कलर' अशा नावाचं बटण असतं. ते बंद असेल तर टीव्ही पूर्ण वेगाचं ४के घेतच नाही. ते चालू करा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन' असा पर्याय शोधा. इनपुटचं नाव बदलून 'पीसी' ठेवलं की काही टीव्ही अक्षरांवरची अनावश्यक धार आपोआप काढून टाकतात. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधारातले तपशील गिळले जात असतील, तर मशीन आणि टीव्ही यांची रंगांची मर्यादा जुळत नाही असं समजा. एकीकडे 'फुल' आणि दुसरीकडे 'लिमिटेड' असतं. दोन्हीकडे एकच ठेवा.

मशीन टीव्हीच्या मागे चिकटवायचं असेल तर व्हेसा ब्रॅकेट मिळतो. फक्त हवा खेळती राहील एवढी जागा सोडा. बंद लाकडी शोकेसमध्ये, वर क्रोशाचा रुमाल टाकून ठेवू नका.

बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर' या अर्थाचं एक सेटिंग असतं. ते 'शेवटच्या स्थितीत परत' असं ठेवा. वीज जाऊन आली की चालू असलेलं मशीन आपलं आपण उठतं, बंद असलेलं बंदच राहतं. तरी बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवर असलेलं उत्तम.

कोणती प्रणाली टाकायची

इथे दोन वाटा फुटतात, आणि नवख्याने सुरुवातीलाच एक ठरवावी.

फक्त सिनेमे, फोटो, गाणी हवी असतील तर लिबरइलेक. ही एवढीशी लिनक्स प्रणाली आहे, तिच्यात कोडी या मोफत मीडिया प्लेअरशिवाय जवळजवळ काही नसतं. (कोडीचा जन्म २००२ मध्ये एक्सबॉक्स या गेमच्या डब्यासाठी झाला. एक्सबीएमसी म्हणून ते ओळखलं जायचं, २०१४ मध्ये कोडी झालं.) त्यांच्या संकेतस्थळावरून 'जेनेरिक' इमेज (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवा, पेनड्राइव्हवर लिहा, मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि अंतर्गत डिस्कवर इन्स्टॉल करा. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात असू द्या. पुढच्या वेळेपासून बटण दाबलं की थेट कोडीच उघडतं. घरातल्या मोठ्यांना हीच वाट मानवते, कारण चुकून बिघडवण्यासारखं त्यात काही उरतच नाही.

गेम आणि ब्राउझरही हवा असेल तर लिनक्स मिंट टाका. त्याच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये कोडी आणि मूनलाइट (दुसऱ्या पीसीवरचे गेम टीव्हीवर आणणारं अ‍ॅप, ते पुढे येतं) दोन्ही मिळतात. इन्स्टॉल करताना पासवर्डशिवाय आपोआप लॉगिन निवडा, आणि 'स्टार्टअप'च्या यादीत कोडी घाला. विंडोजची सवय असेल तर तेही चालेल. पण मग अपडेट कधी उपटेल याचा नेम नाही, आणि ते नेमकं क्रिकेटच्या शेवटच्या षटकात उपटतं.

कोडी उघडल्यावर दोनच सेटिंगना हात लावा. प्लेअरच्या व्हिडिओ विभागात 'डिस्प्लेचा रिफ्रेश रेट जुळवा' असा पर्याय आहे, तो 'सुरू होताना आणि थांबताना' वर ठेवा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण आणि लग्नाच्या डीव्हीडी २५ च्या, फोनचे व्हिडिओ ३० किंवा ६० चे. टीव्ही ६० हर्ट्झवर अडकून राहिला तर २४ फ्रेमचा सिनेमा त्यात सारखा बसत नाही, आणि कॅमेरा आडवा सरकतो तेव्हा चित्र बारीक हिसके देतं. अनेकांना वाटतं मशीनच कमी पडतंय. दुसरं सेटिंग आवाजाचं: टीव्हीचेच स्पीकर असतील तर चॅनल २.० ठेवा. ५.१ ठेवलंत आणि मागे तसे स्पीकरच नसतील, तर संवाद खोल गेल्यासारखे ऐकू येतात.

हार्डवेअर डिकोडिंग खरंच चालू आहे का, ते बघायला व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवर 'ओ' अक्षर दाबा. डिकोडरच्या नावासमोर एचडब्ल्यू दिसलं की झालं. एसडब्ल्यू दिसलं तर तो व्हिडिओ मुख्य कोअरवर चालतोय. यूट्यूबवर हाच त्रास एव्ही१ मुळे होतो: दहाव्या पिढीपर्यंतच्या मशीनवर ब्राउझरमध्ये एव्ही१ रोखणारं एक्स्टेन्शन टाका, म्हणजे यूट्यूब मुकाट्याने व्हीपी९ पाठवतं.

संग्रह नीट लावणं

डिस्क बाहेरची असो वा आतली, फोल्डर तीनच करा: सिनेमे, मालिका, घरचे. कोडीला पोस्टर आणि माहिती आपोआप सापडावी असं वाटत असेल तर फाइलच्या नावात सिनेमाचं नाव आणि कंसात वर्ष हवं. वर्ष टाळू नका. 'श्यामची आई' १९५३ चाही आहे आणि २०२३ चाही. वर्ष नसेल तर अत्र्यांच्या सिनेमावर नव्याचं पोस्टर चिकटू शकतं. नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलं तर जुळणी जास्त खात्रीने होते. मालिकेच्या फाइलला सीझन आणि भागाचा क्रमांक लागतो. घरचे व्हिडिओ मात्र लायब्ररीत घालू नका. 'माहिती शोधू नको' असं सांगून नुसत्या फोल्डरसारखे ठेवा, नाहीतर बाळाच्या बारशाच्या व्हिडिओला कुठल्यातरी भयपटाचं पोस्टर लागतं.

जुन्या डीव्हीडींना हे मशीन खरं पावतं. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ चं आणि बहुधा इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या-अर्ध्या ओळींत विणलेली. बऱ्याच टीव्हींना यूएसबीवरून ते नीट उलगडता येत नाही, मग हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात. कोडीत व्हिडिओच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेस 'ऑटो' ठेवा, दात जातात. डीव्हीडी संगणकावर घेताना ती दाबून लहान करायचा मोह टाळा. एका डीव्हीडीचे जास्तीत जास्त साडेआठ जीबी होतात, आणि दाबून गेलेला तपशील पुन्हा मिळत नाही. मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने तशीच्या तशी एमकेव्ही फाइल करून ठेवा. घरगुती डीव्हीडी वर्षांगणिक वाचेनाशा होत जातात, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी घ्या. आणि या व्हिडिओंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात ठेवा.

मराठी सबटायटल्स चौकोन-चौकोन दिसत असतील तर फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिपींना चालणारी अक्षरपद्धत) मध्ये सेव्ह करा आणि कोडीच्या सबटायटल सेटिंगमध्ये देवनागरी असलेला फॉन्ट निवडा. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी, दोन्ही मोफत आहेत.

हाच संग्रह बेडरूमच्या टीव्हीवर किंवा फोनवर बघायचा असेल तर मिंटवर जेलीफिन सर्व्हर टाका. त्यांच्या संकेतस्थळावर टर्मिनलमध्ये चिकटवायची एक ओळ दिलेली आहे. नंतर ब्राउझरमध्ये मशीनचा पत्ता आणि पुढे ८०९६ हा पोर्ट टाकला की पुढची वाट तेच दाखवतं. पैसे लागत नाहीत, कुठे ऑनलाइन खातं काढावं लागत नाही. सेटिंगमध्ये ट्रान्सकोडिंगसाठी (समोरच्या फोनला चालेल अशा प्रकारात व्हिडिओ बदलण्यासाठी) इंटेल क्विकसिंक निवडायला विसरू नका, नाहीतर एका फोनने व्हिडिओ मागितला तरी मशीन धापा टाकतं. हे चोवीस तास चालू ठेवलं तर वीज किती? मिनी पीसी रिकामा असताना साधारण १० वॉट खातो असं धरा, महिन्याला सात युनिटच्या आसपास.

गेम: आतल्या खोलीतून हॉलमध्ये

गेम इथे चालत नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. तो गेमिंग पीसीवरच चालतो. तिथलं चित्र त्याच क्षणी व्हिडिओ बनून टीव्हीमागच्या मशीनकडे येतं आणि तुमच्या कंट्रोलरची बटणं उलट दिशेने जातात. म्हणून आपल्या छोट्या मशीनला ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

गेमिंग पीसीवर सनशाइन टाका, टीव्हीच्या मशीनवर मूनलाइट. पूर्वी हे एनव्हिडियाच्या गेमस्ट्रीमवर चालायचं. कंपनीने २०२३ मध्ये ते बंद करत आणलं, आणि मुक्त स्रोतातलं सनशाइन त्या जागी आलं. ते एनव्हिडिया, एएमडी, इंटेल तिन्हींच्या कार्डांवर चालतं. मूनलाइट उघडलं की नेटवर्कवरचा पीसी दिसतो, त्यावर क्लिक केलं की चार आकडी पिन येतो. तो गेमिंग पीसीवर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सनशाइनच्या पानात (पोर्ट ४७९९०) भरायचा. जोडणी झाली. सगळे गेम स्टीमवरचेच असतील तर स्टीम लिंक आणखी सोपं आहे, पण माझा कल मूनलाइटकडे.

आता खरी मेख: वायर. ६० फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. वायफायचा सरासरी वेग कितीही असो, त्यात मध्येच एखादी उचकी येते. सिनेमात ती बफर झाकून टाकतो, गेममध्ये नायक दरीत पडतो. आपल्या काँक्रीटच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फारसा जातही नाही. म्हणून राउटरपासून दोन्ही मशीनपर्यंत लॅन केबल ओढा. कॅट ५ई सुद्धा शंभर मीटरपर्यंत गिगाबिट देते. पुण्यात तपकीर गल्लीत मीटरवर केबल मिळते, दोन्ही टोकांना कनेक्टर दाबूनही देतात. भिंत फोडायची नसेल तर स्कर्टिंगवरून पट्टी मारा. दोन्हीपैकी एकच वायर शक्य असेल तर गेमिंग पीसीला द्या आणि टीव्हीचं मशीन राउटरच्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झवर ठेवा.

मूनलाइटमध्ये सुरुवात १०८०पी, ६० फ्रेम, २० एमबीपीएसने करा. ४के साठी ते स्वतःच ८० सुचवतं. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल-अल्ट-शिफ्ट-एस दाबलं की आकडे दिसतात: नेटवर्कचा विलंब, गळालेल्या फ्रेम, डिकोडिंगचा वेळ. फ्रेम गळत असतील तर दोष नेटवर्कचा. डिकोडिंगचा वेळ वाढलेला असेल तर सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग सक्तीचं करा. आकडे सगळे छान असूनही बटण दाबल्यावर उशीर जाणवत असेल, तर टीव्हीचा 'गेम मोड' बंद राहिलेला आहे. बाहेर पडायला कंट्रोल-अल्ट-शिफ्ट-क्यू, किंवा कंट्रोलरवर स्टार्ट, सिलेक्ट, एल१, आर१ एकदम.

रिमोट

पीसीच्या एचडीएमआयमधून सीईसी (केबलमधूनच रिमोटचे हुकूम नेणारी सोय) सहसा जात नाही, म्हणून टीव्हीचा रिमोट कोडीला चालत नाही. सीईसीचा यूएसबी अडॅप्टर मिळतो, पण बजेटच्या मानाने महाग. अँड्रॉइड फोनवर कोरे हे कोडीचं अधिकृत रिमोट अ‍ॅप मोफत आहे. तरी घरातल्या इतरांसाठी यूएसबी डोंगलवाला एअर माउस (हवेत हलवून चालवायचा रिमोट) घ्या, मागे छोटा कीबोर्ड असलेला. तो मध्येच अडकत असेल तर डोंगल यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात आहे का बघा. यूएसबी ३ च्या डिस्क आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात आणि हे डोंगल नेमके तिथेच बोलतात. यूएसबी २ च्या पोर्टात हलवा, किंवा हातभर एक्स्टेन्शन लावून डोंगल टीव्हीच्या समोरच्या बाजूला आणा. ब्लूटूथ कंट्रोलर तुटक चालत असेल तरी आधी डिस्कची केबल दूर करून बघा.